पती नाही, भिंतही नाही : साध्वी आंजेला मेरीची

नागपुरास सिव्हिल लाइन्समध्ये सेंट अर्सुला या नावाची मुलींची शाळा आहे. शाळा सुटण्याच्या सुमारास त्या बाजूने जाताना आमच्या सोबत असलेल्या घरातील एका लहान मुलीने पाटी वाचून आम्हांस विचारले, "ही अर्सुला कोण? ती मुलींना शिकवीत असे का?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देताना आमची थोडी तारांबळच उडाली. कारण अर्सुला या साध्वीचा आणि शिक्षणाचा तसा काहीच संबंध नाही. ती ब्रिटनमधील एक राजकन्या होती, अकरा हजार कुमारिकांसह यात्रेस निघाली असता जर्मनीतील कोलोन शहराजवळ हूणांच्या हातून तिचा वध झाला, अशी आख्यायिका आहे. अकरा हजारांचा आकडा तर एखाद्या जुन्या लेखाच्या चुकीच्या वाचनातून उत्पन्न झाला असावा, असे पंडित म्हणतात. आणि १९६९ साली कॅथलिक धर्मपीठानेही तिचा दिवस आपल्या सार्वत्रिक पंचांगातून गाळला.

मग अशा अर्धकल्पित राजकन्येचे नाव क्वेबेकपासून रांचीपर्यंत मुलींच्या शाळांना का पडावे? नागपूरची शाळा तर अर्सुलाइन धर्मभगिनींनी चालविलेलीही नव्हे. ती प्रॉटेस्टंट परंपरेतील आहे. तरीही मुलींची शाळा म्हटली की हे नाव सुचावे, इतका त्या दोहोंचा संबंध दृढ झालेला आहे. हा संबंध जिने घडवून आणला, ती स्त्री इटलीतील आंजेला मेरीची होय. युरोपातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिणारे तिच्या नावास पहिल्या पानावर स्थान देतात. मौज अशी की या बाईस वाचता येत असे, पण लिहिता येत नसे; आणि तिने आपल्या हयातीत एकही शाळा काढली नाही. मग तिने केले तरी काय? याच प्रश्नाचा विचार आज आमच्या वाचकांसमवेत करण्याचे आम्ही योजिले आहे.

इटलीच्या उत्तरेस गार्दा नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठी देसेन्झानो या गावी १४७४ च्या सुमारास आंजेलाचा जन्म झाला. बाप जोवान्नी मेरीची हा बेताच्या स्थितीचा शेतकरी. परंतु त्यास अक्षरओळख होती आणि रात्री मुलाबाळांस जवळ बसवून संतांची चरित्रे वाचून दाखविण्याचा त्याचा परिपाठ असे. आमच्याकडे दिवेलागणीनंतर महिपतींचा भक्तिविजय ज्या घरांत वाचला जाई, त्या घरांतील वाचकांस हे चित्र निराळे सांगावयास नको. मुलींच्या कानी पडणारी ती पोथी हीच त्यांची शाळा. आंजेलाची शाळाही तेवढीच.

हे सुख फार दिवस टिकले नाही. थोरली बहीण वारली, पाठोपाठ आईबाप गेले, आणि वयाच्या पंधरा ते अठरा वर्षांच्या दरम्यान ही मुलगी पोरकी होऊन सालो गावी मामाच्या घरी राहावयास आली. मामाची स्थिती बरी होती. मुलगी देखणी होती, केस सोनेरी होते, आणि अर्थातच लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा तिने चुलीतील काजळी पाण्यात कालवून आपले केस त्यात बुडविले व त्यांचा रंग घालविला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. ही कथा वाचताना आमच्या मनात आमच्याच घरांतील एक जुने दुःख जागे झाल्यावाचून राहिले नाही. तेथे एका मुलीने आपल्या इच्छेने आपल्या केसांची शोभा टाकिली. येथे कित्येक पिढ्या दहा-बारा वर्षांच्या बालविधवांचे केस त्यांच्या इच्छेची विचारपूस न करता न्हाव्याच्या हाती देण्यात आले. दोन्ही ठिकाणी केसांचाच प्रश्न. परंतु एकीच्या मागे स्वतःचा निर्धार होता, आणि दुसरीच्या मागे घरातील वडीलधाऱ्यांचा.

त्या काळच्या युरोपात प्रतिष्ठित घराण्यातील मुलीपुढे दोनच मार्ग असत. एक तर लग्न, नाही तर मठ. नवरा नाही तर भिंत, अशा अर्थाची एक म्हणच लॅटिनमध्ये रूढ होती. दोहोंपैकी कोठेही जावयाचे तर हुंडा लागे. मठात प्रवेश करितानाही मुलीबरोबर द्रव्य द्यावे लागे, मात्र ते लग्नाच्या हुंड्याहून बरेच कमी असे. म्हणून पाच मुलींच्या बापाने दोघींची लग्ने करावी व तिघींस मठात घालावे, असा हिशेब कित्येक श्रीमंत घरांत चाले. मुलीच्या मनात वैराग्य आहे की नाही, ही चौकशी गौण. आणि ज्या मुली गरीब, ज्यांच्यापाशी कोणताच हुंडा नाही, त्या मोलकरणी म्हणून परक्यांच्या घरी राबत; त्यांस ना नवरा, ना भिंत, ना कोणाचा आधार.

आंजेलाने लग्न केले नाही, आणि ती मठातही गेली नाही. संत फ्रान्सिसच्या परंपरेत संसारी लोकांकरिता जो तिसरा वर्ग आहे, त्याची दीक्षा घेऊन ती देसेन्झानोस परतली आणि घरच्या शेतीवर राबत, उपवास-प्रार्थना करीत तिने वीस वर्षांच्या आसपासचा काळ काढला. याच काळात ब्रुदात्झो नावाच्या शेतात तिला एक दर्शन घडले, व कुमारिकांचा एक संघ तुझ्या हातून उभा राहील असा संकेत त्यात मिळाला, असे तिचे चरित्रकार सांगतात. दर्शनाविषयी ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे मत बाळगावे. आम्हांस अधिक विचार करण्यासारखे वाटते ते हे, की त्या संकेतानंतर प्रत्यक्ष संघ उभा राहीपर्यंत कित्येक दशके लोटली. तिने घाई केली नाही.

१५१६ साली तिच्या वडीलधाऱ्या फ्रान्सिस्कन गुरूंनी तिला ब्रेशिया शहरी पाठविले. कातेरीना पातेन्गोला नावाच्या एका विधवेचे पती व मुले काळाने हिरावून नेली होती. तिच्या सोबतीस कोणी समंजस स्त्री हवी होती. चार वर्षांपूर्वी, १५१२ च्या फेब्रुवारीत, फ्रेंच सैन्याने ब्रेशिया लुटले होते. हजारो माणसे मारली गेली, घरे उद्ध्वस्त झाली, आणि शहर विधवांनी व पोरक्या मुलींनी भरून गेले. आंजेला आली ती एका विधवेचे सांत्वन करावयास. परंतु थोड्याच वर्षांत सारे शहर तिच्याकडे सल्ल्यासाठी येऊ लागले. भांडलेली घराणी तिच्या शब्दावर समेट करीत. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्त्झा यानेही तिला आपली आध्यात्मिक माता मानिले. व्यापारी, पंडित, मोलकरणी, सर्व तिच्या खोलीत येत. ती मात्र दुसऱ्यांच्या घरी एका खोलीत राहत असे.

१५२४ साली ती पॅलेस्टाइनच्या यात्रेस निघाली. वाटेत क्रीट बेटावर पोहोचल्यावर तिची दृष्टी गेली. सोबतच्या मंडळींनी परत फिरण्याचा आग्रह केला. परंतु तिने तो मानिला नाही. हाताला धरून नेणाऱ्यांच्या आधाराने तिने सारी पवित्र स्थळे केली, आणि परतीच्या प्रवासात तिची दृष्टी पुन्हा आली अशी परंपरा आहे. पुढील वर्षी ती रोमला गेली असता पोप सातवे क्लेमेंट यांनी तिला तेथेच राहून सेवाकार्य करण्याविषयी सुचविले. तिने नम्रपणे नकार दिला व ती ब्रेशियास परत आली. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याची विनंती नाकारून आपल्या गावी परतणारी ही साधी बाई आपले काम कोठे आहे हे ओळखून होती.

शेवटी २५ नोव्हेंबर १५३५ रोजी, वयाची साठी उलटल्यानंतर, तिने आपला संघ स्थापन केला. त्या दिवशी तिच्यासह अठ्ठावीस तरुणींनी नावे दिली असे सांगतात. संघास तिने स्वतःचे नाव न देता कुमारिकांची नायिका म्हणून प्रसिद्ध असलेल्या अर्सुलेचे नाव दिले. आता या संघाचे नियम पाहिले म्हणजे आंजेलाने काय केले, ते ध्यानात येते. या तरुणी मठात राहावयाच्या नव्हत्या; आपापल्या घरी, आईबापांजवळ, अथवा जेथे चाकरीस असतील तेथे राहावयाच्या होत्या. त्यांना विशिष्ट वेष नव्हता. साधी, नेटकी वस्त्रे असली म्हणजे झाले. जाहीर व्रतविधी नव्हता. हुंडा नव्हता. प्रवेशास एकच महत्त्वाची अट होती : मुलीने स्वतःच्या इच्छेने व आनंदाने यावे. ज्या काळी मुलीचे लग्नही तिला विचारून होत नसे आणि संन्यासही तिला विचारून होत नसे, त्या काळी ही एक अट किती मोठी होती, याची कल्पना आमच्या घरांतील वडील पिढीच्या स्त्रियांस तरी सहज यावी.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. मुली घरोघर विखुरलेल्या असल्या तरी त्या एकाकी पडू नयेत म्हणून शहराचे भाग पाडून प्रत्येक भागाकडे एकेक वडील कुमारिका नेमली होती; तिने आपल्या भागातील मुलींच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करावी. त्यांच्या वर प्रतिष्ठित घराण्यांतील चार विधवा. आणि वारसाहक्काचा अथवा अन्य व्यवहाराचा तंटा उद्भवल्यास साह्य करण्यासाठी चार प्रौढ पुरुष. दोन बहिणी निराधार राहिल्या तर त्यांना भाड्याने घर घेऊन द्यावे, म्हाताऱ्या व आजारी बहिणींचा सांभाळ संघाने करावा, हेही नियमांत आहे. वैराग्याच्या उपदेशाबरोबर घरभाड्याचा विचार करणारी ही संतीण आम्हांस म्हणूनच विशेष आपलीशी वाटते. ज्या समाजात विधवा म्हणजे घरातील एक कोपरा, त्या समाजात तिने विधवांच्या हाती कारभार दिला. आणि ज्या मुलींत मोलकरणीही होत्या, त्यांना त्यांच्या नावानिशी ओळखणारे एक मोठे कुटुंब दिले.

हे सारे नियम तिने स्वतः लिहिले नाहीत. तिला लिहिता येत नसल्याने गाब्रिएले कोझ्झानो नावाच्या विद्वान सहकाऱ्यास ती सांगत गेली आणि तो लिहीत गेला. संघाचा नियम, मार्गदर्शक स्त्रियांस केलेला उपदेश आणि विधवा अधिकारिणींस उद्देशून केलेले मृत्युपत्र, अशी तिची तीन लहान लिखाणे आज उपलब्ध आहेत. खानदेशातील बहिणाबाई चौधरींची गाणी जशी त्यांच्या घरच्या माणसांनी टिपून ठेविली म्हणून १९५२ साली महाराष्ट्रास वाचावयास मिळाली, तसाच हा प्रकार. निरक्षरता आणि अज्ञान या दोन गोष्टी एक नव्हेत, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

या लिखाणांतील मुलींशी वागण्याची रीत तर प्रत्येक आईने आणि शिक्षिकेने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती सांगते की प्रत्येक मुलीस आपल्या हृदयात कोरून ठेवा. केवळ नावाने नव्हे, तर तिची स्थिती, तिचा स्वभाव, सारे काही ओळखून. बळजबरीने कोणाकडून काही करवून घेऊ नका, कारण देवाने प्रत्येकास इच्छास्वातंत्र्य दिले आहे व तो स्वतःदेखील कोणावर सक्ती करीत नाही. एखादी मुलगी भित्री असेल तर तिला धीर द्या. आणि पुढे काळ व गरजा बदलल्या तर नियमांतही विचारपूर्वक बदल करा, अशी मुभाही तिने देऊन ठेविली. आपल्या पश्चात आपला शब्द दगडावरची रेघ होऊ नये असे ज्यांना वाटते, असे संस्थापक फार थोडे.

२७ जानेवारी १५४० रोजी ती निवर्तली, तेव्हा संघात सुमारे दीडशे कुमारिका होत्या. १५४४ साली पोप तिसरे पॉल यांनी संघास मान्यता दिली, आणि पुढे १८०७ साली आंजेलाची गणना संतांत झाली.

यापुढची कथा काहीशी विषादाची आहे. घरी राहणारी, लग्न न केलेली आणि तरीही कोणाच्या भिंतीआड नसलेली स्त्री समाजास मानवेना. १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जोगिणींवरील बंदिवासाचे नियम कडक केले. मिलानच्या कार्लो बोरोमेओ या धर्माधिकाऱ्याने अर्सुलाइन कुमारिकांस मुलींना धर्मपाठ व वाचन शिकविण्याच्या कामी योजिले. हे काम फ्रान्समध्ये पसरले. परंतु १६१२ साली पॅरिस येथे या भगिनींभोवती मठाची भिंत कायमची उभी राहिली. तथापि त्या भिंतीआड जाताना त्यांनी एक गोष्ट सोडली नाही : नेहमीच्या तीन व्रतांस त्यांनी मुलींना शिकविण्याचे चौथे व्रत जोडले. बाहेर जाऊन शिकविता येत नसेल तर मुलींना आत बोलावून शिकवू, असा तो निश्चय होता. मठाला लागून शाळा, ही जी पद्धत पुढे जगभर रूढ झाली आणि जिच्यामुळे 'कॉन्व्हेंट' हा मठवाचक शब्द आमच्याकडे शाळेचाच वाचक होऊन बसला, तिची मुळे या काळात आहेत.

या भगिनींपैकी मारी द लेंकार्नासियों ही तूर शहरातील एक विधवा १६३९ साली समुद्र ओलांडून कॅनडात क्वेबेक येथे गेली. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषा ती शिकली, त्यांचे कोश केले आणि मुलींची शाळा चालविली. १७२७ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे अर्सुलाइन भगिनी पोहोचल्या. हिंदुस्थानात बेल्जियममधील टिल्डोंक येथील अर्सुलाइन भगिनी १९०३ साली रांची येथे आल्या व छोटानागपुरातील आदिवासी मुलींच्या शिक्षणास लागल्या. आणि खुद्द ब्रेशियात १८६६ साली जिरेल्ली भगिनींनी आंजेलाच्या मूळ कल्पनेप्रमाणे, मठावाचून, घरी राहून चालणारा संघ पुन्हा सुरू केला. सव्वातीनशे वर्षांनी भिंत पुन्हा उतरली!

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. एकही शाळा न काढणाऱ्या बाईस स्त्रीशिक्षणाची आद्य प्रवर्तक का म्हणावयाचे? आमचे उत्तर असे की शाळा काढण्यापूर्वी शिक्षिका असावी लागते. जी स्त्री घराबाहेर पडू शकते, जिचा दिवस सर्वस्वी नवऱ्याच्या अथवा दिराच्या हुकमतीत नाही, जिच्या शीलाविषयी शेजारीपाजारी कुजबुजत नाहीत आणि जिच्या म्हातारपणाची काळजी कोणीतरी वाहते, अशी स्त्री प्रथम निर्माण व्हावी लागते. आंजेलाने ती निर्माण केली. शाळा मागाहून आपोआप आल्या.

ज्यांस हे म्हणणे दूरान्वयाचे वाटेल, त्यांनी आपल्याच प्रांताचा इतिहास पाहावा. १८४८ साली पुण्यास भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा जोतीराव फुल्यांना सर्वांत मोठी अडचण कोणती होती? शिक्षिकेची. ती त्यांनी आपल्या पत्नीस शिकवून दूर केली, आणि शाळेत जाता-येता सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती पडली. कारण बाई शिकते यापेक्षाही बाई रस्त्याने शिकवावयास जाते, हे लोकांस अधिक झोंबले. १८६६ साली इंग्लंडमधून आलेल्या मेरी कार्पेंटर यांनी ठिकठिकाणी मुलींच्या शाळा पाहून एकच गोष्ट आग्रहाने सांगितली, की शिक्षिका तयार करणाऱ्या शाळा आधी काढा. १८८२ साली पुण्यास हंटर कमिशनपुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनीही शिक्षिका व स्त्री-तपासनीस यांचीच मागणी केली. आणि १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांचा आश्रम काढला तेव्हा त्यातून काय निष्पन्न झाले? ज्यांना घराच्या कोपऱ्यात बसविले होते त्याच विधवा शिक्षिका होऊन गावोगावच्या कन्याशाळांत गेल्या. ब्रेशियाच्या त्या बाईचे नावही ज्यांनी ऐकले नसेल, अशांनी तिचाच मार्ग स्वतंत्रपणे शोधून काढला. कारण रोग एक असला म्हणजे औषधही बहुधा एकच सापडते.

आमच्या नागपुराकडे पाहिले तर कमलाताई होस्पेट या बालविधवेने वेणूताई नेने यांच्या साह्याने १९२१ साली मातृसेवा संघ स्थापन केला आणि बाळंतिणींच्या शुश्रूषेचे काम प्रतिष्ठेचे करून दाखविले. त्यांच्या आयुष्यातही पती नव्हता, आणि भिंत त्यांनी मानिली नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचा जन्म त्या संस्थेच्या छत्राखाली झाला असेल. त्यांस अधिक सांगणे नलगे.

परंतु एवढ्यावर थांबून समाधान मानावयाचे तर ती स्वतःची फसवणूक होईल. त्याच नागपुरात जाईबाई चौधरी नावाची एक दलित स्त्री नागपूर-कामठी दरम्यान हमालीची ओझी वाहत असे. मिशनमधील ग्रेगरी नावाच्या बाईंच्या दृष्टीस ती पडली. त्यांनी तिला शिकविले आणि दरमहा चार रुपये वेतनावर मिशनच्या शाळेत शिक्षिका नेमिले. शिक्षिका अस्पृश्य आहे, हे कळताच वरिष्ठ म्हणविणाऱ्या पालकांनी आपली मुले पाठविणे बंद केले, आणि जाईबाईंची नोकरी गेली. त्या पुन्हा ओझी वाहावयास गेल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी संत चोखामेळा यांच्या नावाने नागपुरात मुलींची शाळा स्वतःच काढली. एक शाळा त्यांना नको झाली, तर त्यांनी दुसरी उभी केली!

पुढे १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले. स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि हक्कांविषयी तेथे कळकळीची भाषणे झाली. त्या परिषदेस जाईबाई गेल्या असता जेवणाच्या वेळी सुशिक्षित, सवर्ण भगिनींनी त्यांना पंक्तीपासून दूर बसावयास सांगितले. दलित भगिनींनी त्याचा जाहीर निषेध केला. पाचच वर्षांनी, १९४२ च्या जुलै महिन्यात, नागपुरासच अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते, आणि हजारो स्त्रिया जमल्या होत्या. ज्यांना पंक्तीत जागा नव्हती, त्यांनी आपली पंगत स्वतः मांडली.

हे आम्ही कोणास लाजविण्यासाठी लिहीत नाही. आम्ही ज्या घरांत वाढलो व ज्या घरांसाठी हे मासिक निघते, त्या घरांतील गोष्ट म्हणून लिहीत आहो. आमच्या आजीपणजींनी नवऱ्याची आणि भिंतीची सक्ती सोसली. ती सक्ती मोडण्यासाठी ज्या पुढे सरसावल्या, त्यांचे चरित्र आम्ही आवडीने वाचतो, मुलींस सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु स्वतः एक भिंत ओलांडून आलेली स्त्री दुसरीसमोर नवी भिंत घालते, आणि ती घालताना तिला आपण काही वावगे करीत आहो असे वाटतही नाही, हेही १९३७ च्या त्या पंक्तीने दाखवून दिले. आंजेलाच्या संघातही कारभार थोर घराण्यांतील विधवांच्या हाती होता, तेव्हा तेथे उच्चनीच भाव मुळीच नव्हता असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्या अठ्ठावीस मुलींत आणि मागाहून आलेल्यांत कारागिरांच्या लेकी होत्या, घरकाम करणाऱ्या होत्या. आणि त्यांच्यापैकी प्रत्येकीस हृदयात कोरून ठेवण्याची आज्ञा त्या थोर विधवांस होती. एका निरक्षर बाईने सांगितलेला हा पाठ पुढील काळातील किती सुशिक्षित भगिनींनी गिरविला, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आंजेलाचा धर्म निराळा होता, आमचा निराळा. मिशनच्या शाळांविषयी आमच्या घरांत एके काळी जी शंका होती, ती सर्वस्वी निराधार होती असेही नाही, आणि सर्वस्वी खरी होती असेही नाही. कित्येक घरांनी ती शंका मनात ठेवूनच आपल्या मुली त्या शाळांत धाडल्या आणि त्या मुली तेथे चांगल्या शिकल्या. परंतु दुसऱ्याच्या अंगणातील दिवा पाहून आपल्या घरातील अंधार ओळखावयास धर्मांतराची गरज लागत नाही.

त्या लहान मुलीस आम्ही शेवटी एवढेच सांगितले, की अर्सुला शिकवीत नव्हती; परंतु फार दिवसांपूर्वी एका आजीने, जिला स्वतःला लिहिता येत नव्हते, पुष्कळ मुलींना एकत्र केले आणि सांगितले की तुम्ही घराबाहेर पडा, एकमेकींची विचारपूस करा, भिऊ नका. तिच्यानंतर त्या मुलींच्या मुलींनी शाळा काढल्या. हे ऐकून मुलगी क्षणभर विचारात पडली, आणि मग तिने विचारले, "त्या आजीला मग लिहायला कोणी शिकवले नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आमच्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंना आम्ही प्रथमच विचारले, की त्यांची मुलगी कोणत्या शाळेत जाते. इतकी वर्षे त्या आमच्या घरी येत असून तिचे नावही आम्हांस ठाऊक नव्हते.